विकास कुठे अडला, त्याचा नकाशा

चित्रकार व्हायची माझी कधीच इच्छा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात 'तुमचा हेतू काय होता' असं मला आजवर चार जणांनी विचारलं, त्यातल्या दोघांनी लेखी. चौघांनाही मी एकच उत्तर दिलं. हेतू काही नव्हता, हर्षद घरी आला होता.

हर्षद हा 'साप्ताहिक घाटपायथा'चा संपादक. वार्ताहर तोच, जाहिराती आणणारा तोच आणि शुक्रवारी स्कूटरवरून अंक वाटणाराही तोच. 'कर्जत-खालापूरचा निर्भीड आवाज' असं मथळ्याखाली छापलेलं असतं. अग्रलेखाचं चित्र तो मोबाइलमधल्या ए.आय.कडून काढून घ्यायचा. पण भातखरेदी केंद्रांवर त्याने कडक अग्रलेख लिहिला, तेव्हा त्या यंत्राने सहा बोटांचा शेतकरी काढला, त्याच्या मागे डोंगर काढले आणि डोंगरांवर बर्फ घातलं. हर्षदने ते तसंच छापलं. त्यानंतर नेरळपासून खोपोलीपर्यंत जो भेटेल तो त्याला भातखरेदीचं सोडून बर्फाचं विचारायला लागला. शेवटी हाताने चित्र काढणारा माणूस शोधायचं ठरवून तो दहिवलीला आमच्या आळीत आला आणि माझ्या पडवीत बसला.

"काका, तुम्ही मोहोपाड्याला कंपनीत एकतीस वर्षं चित्रंच काढलीत ना?"

इथे एक खुलासा करायला हवा. मी रसायनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, त्याला व्हॉल्व्ह कुठे बसतो, हे मापासकट कागदावर काढायचं, ही माझी नोकरी. आमच्या हिने, म्हणजे विनिताने, लग्नानंतर माहेरी 'हे कंपनीत चित्रं काढतात' असं सांगितलं ते सांगितलंच. सासूबाई शेवटपर्यंत मला 'जावईबापू, एकदा आमच्या दारावर मोर काढून द्या' म्हणायच्या. मला मोर येत नाही. मला माणूससुद्धा येत नाही. मला पाइप येतो. त्या पाइपांखाली एकतीस वर्षं मी 'श्री. ओ.' एवढंच लिहिलं आणि ते नक्की कोण, हे कंपनीत स्टोअरवाल्यालाही धड माहीत नव्हतं.

हर्षद म्हणाला, "चित्राखाली नाव छापू. श्रीपत ओव्हाळ. पूर्ण आणि ठळक."

मी हो म्हणालो. म्हणजे हेतू होता असं म्हणता येईल, पण ते मी अजून कोणाला लेखी दिलेलं नाही.

अग्रलेखाचा विषय होता, 'विकास नेमका कुठे अडला?' तो ऐकून मी दोन दिवस गोंधळात होतो. विकास दिसतो कसा? तो आडवा असतो की उभा? जी वस्तू मोजता येत नाही ती मी आजवर काढलेली नव्हती. शेजारच्या पदूभाऊला विचारलं. पदूभाऊ भातशेतीवाला, सल्ल्याच्या बाबतीत हात सैल. तो म्हणाला, "त्यात काय रं? बुलडोझर काढ. आपल्याकडं विकास त्याच्यातच बसून येतो." विनिता म्हणाली, "रडणारी बाई काढा. पेपरात नेहमी तीच असते." मी म्हटलं, मला बाई येत नाही. "मग पाठमोरी काढा." पाठमोरी काढून पाहिली. ती गॅसचा सिलिंडर दिसत होती. हर्षदला फोन केला तर तो म्हणाला, "काका, सूचक काढा." सूचक म्हणजे किती मिलिमीटर, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला पाणी नव्हतं, तेव्हा सुचलं.

आमच्या आळीमागच्या टेकाडावर पाण्याची मोठी टाकी आहे. तिचं पाणी टेकाडाच्या पलीकडे जातं. अलीकडे का येत नाही, याचं उत्तर मिळालेलं नाही. टाकी बांधली तेव्हा आमची मुलगी शाळेत होती, आता तिची मुलगी शाळेत जाते. आमच्या बोअरिंगला माघ सरेपर्यंत पाणी असतं, मग सगळी आळी विहारापाशी हापशावर रांग लावते. हीच गोष्ट काढायची असं मी ठरवलं. वर टाकी, तिला नाव 'निधी'. टाकीतून निघालेला पाइप, म्हणजे 'आश्वासने'. वाटेत एक व्हॉल्व्ह, म्हणजे 'अनास्था'. शेवटी कोरडा नळ, म्हणजे 'जनता'. आणि व्हॉल्व्हपाशी बारीक अक्षरांत एक टीप: 'सर्वसाधारणपणे बंद'.

ही टीप म्हणजे त्या चित्रातला विनोद. कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्हजवळ तो एरवी उघडा असतो की बंद, हे लिहावंच लागतं. तेच इथे लिहिलं की केवढं झोंबतं! लिहून झाल्यावर मी एकटाच हसलो. विनिताला दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर छान आलंय."

आता चूक कुठे झाली ते सांगतो. चूक सवयीत झाली. पाइप काढायचा म्हणजे तो कुठून कुठे जातो हे आलं, आणि खोटी जागा काढायला माझा हात धजत नाही. निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, मी वेळ जाईना म्हणून आमची आळी टेप आणि पाण्याची नळी घेऊन मोजली होती. तीच मापं घातली. टाकी, उतार, पदूभाऊचा गोठा, ओढ्यावरची मोरी, आणि आळीच्या टोकाला शेवटचं घर भीमाबाईंचं, म्हणून नळ त्यांच्या दारात. प्रतीकांची नावं बाण काढून उजव्या समासात लिहिली. खाली रीतसर चौकट आखली. काढणार: श्रीपत ओव्हाळ. तपासणार: वि. ओव्हाळ, कारण अक्षर छान आहे असं तिनेच म्हटलं होतं. 'मंजूर' हा रकाना रिकामा होता, तिथे हर्षदने सही करून साप्ताहिकाचा गोल शिक्का मारला. शिक्का त्याने नवाच करून घेतला होता आणि त्या आठवड्यात तो दिसेल त्याच्यावर मारत होता.

शुक्रवारी अंक आला. पहिल्या पानावर एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाची जाहिरात होती आणि आयत्या वेळी शुभेच्छुकांत त्यांचे तीन पुतणे वाढले होते. त्या पुतण्यांना जागा द्यायला माझ्या चित्राचा उजवा समास कापला गेला. निधी, आश्वासने, अनास्था, जनता, सगळं गेलं. अग्रलेख उचलून तिसऱ्या पानावर टाकला होता. पहिल्या पानावर उरलं ते एवढंच: टाकीपासून भीमाबाईंच्या दारापर्यंत पाइप, व्हॉल्व्ह आणि त्याजवळची बारीक टीप, मापं, पदूभाऊचा गोठा, सह्या आणि गोल शिक्का.

सकाळी सात वाजता पदूभाऊ दारात.

"श्रीपत, रं श्रीपत! माझ्या गोठ्याच्या अंगानं पाईप नेतोस नि मला सांगत नाय?"

"पदूभाऊ, तो पाइप खरा नाहीये."

"मंग शिक्का कशाला मारलाय?"

"ते चित्र आहे. रूपक आहे ते."

पदूभाऊने जरा विचार केला. "रूपक म्हंजे कोन्चं खातं? बांधकाम का पाणीपुरवठा?"

बाहेरगावच्या वाचकाला ही गंमत वाटेल. पण आमच्याकडे नकाशा ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. आज रस्ता येतो म्हणतात, उद्या रेल्वेची नवी मार्गिका, परवा कोणाचं तरी टाउनशिप. कागदावर कुठेही रेघ दिसली की माणूस आधी ती आपल्या बांधावरून जाते की शेजाऱ्याच्या, ते बघतो. शेजाऱ्याच्या गेली तर अन्याय झाला म्हणतो. आपल्या बांधावरून गेली तरी अन्यायच म्हणतो, पण लगेच जाऊन रोपवाटिकेतून आंब्याची कलमं आणतो, कारण रेघेखाली झाड असलं की भरपाईला वजन येतं.

पदूभाऊची तक्रार रेघेबद्दल नव्हती. रेघ त्याच्या गोठ्याला लागून जात होती, त्याला ती गोठ्यातून हवी होती. "जास्ती नको. दोन बोटं इकडं सरकव." नकाशातली दोन बोटं म्हणजे जमिनीवर सोळा मीटर, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "मंग तर बरंच हाय." रविवार मावळेपर्यंत माझ्या रेघेवर त्याची चौदा कलमं उभी होती, एकमेकांना खेटून. सोमवारी प्लॉटिंगवाल्या कोणीतरी चित्राचा फोटो 'पाण्याची लाइन मंजूर, शेवटचे काही प्लॉट शिल्लक' म्हणून फिरवला. मग माझ्या पडवीत माणसं यायला लागली. कोणी कारली आणली, कोणी नव्या तांदळाची पिशवी. अर्ध्यांना रेघ हवी होती, अर्ध्यांना नको होती, आणि चित्र कसं आहे याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. कारली मात्र विनिताने ठेवून घेतली.

मी तरातरा हर्षदकडे गेलो आणि खुलासा छाप म्हणून सांगितलं. त्याने पुढच्या शुक्रवारी चौकटीत छापला: 'गेल्या अंकातील नकाशा अंतिम नसून त्यात बदल होऊ शकतात, याची नागरिकांनी नोंद घ्यावी.'

"हा खुलासा आहे?" मी विचारलं.

"काका, संपादकाने 'ते सगळं खोटं होतं' असं लिहिलं तर साप्ताहिकाचं काय राहिलं?"

या खुलाशानंतर बदल सुचवायला आणखी माणसं आली.

हे सगळं मी सोसलं असतं. चार दिवस लोक बोलतात आणि विसरतात. पण भीमाबाईंनी ओटा बांधायला घेतला.

भीमाबाई सत्तरी उलटलेल्या, एकट्या. आळीच्या टोकापासून हापसा सगळ्यात लांब त्यांनाच. दोन कळशा, दोन खेपा, आणि गुडघे असे की मोरीजवळ टेकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाक मारली तर म्हणतात, "थांब रं, पाय मागं राहिलेत, येतील." मी त्यांना लहानपणापासून मावशी म्हणतो. मंगळवारी मी त्यांच्या दारावरून गेलो, तर जुन्या न्हाणीच्या विटा उपसून त्या दारापाशी रचत होत्या.

"मावशी, हे काय चाललंय?"

"नळाला ओटा नको? कळशी काय भुईवर ठेवू?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं आलास. नळ किती उंचीवर येतोय त्ये सांग. मोठी कळशी खाली बसाया पायजे."

मी तोंड उघडलं. मावशी, असा नळ येणार नाहीये, ते पेपरातलं चित्र आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्यांनी हात साडीला पुसले आणि मोठी कळशी आणून माझ्यापुढे ठेवली, माप घ्यायला. मी माप घेतलं. अठरा इंच ठेव म्हणालो. घरी आलो तेव्हा मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मी जेवलो नाही. विनिता म्हणाली, "सांगून टाका ना खरं." मी म्हटलं, तू सांग. ती गेली, आणि तासाभराने हात सिमेंटने भरलेले घेऊन परत आली. दोघींनी मिळून एक थर चढवला होता.

गुरुवारी कार्यालयाचं पत्र आलं. कोणत्या कार्यालयाचं ते सांगत नाही, मला तिथून अजून एक दाखला आणायचा आहे. पत्रात मला दम दिलेला असेल असं धरून मी खुर्चीवर बसून ते उघडलं. पण त्यात लिहिलं होतं: 'आपण प्रसिद्ध केलेल्या नकाशाची मूळ प्रत या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. तरी ती तीन दिवसांत सादर करावी.'

मी दोनदा वाचलं. माझ्या चित्राची मूळ प्रत त्यांच्याकडे आढळून येणार तरी कशी?

तिथे गेलो तर दोन कारकून कपाटं रिकामी करून बसले होते. आळीतल्या अकरा जणांनी माझ्या चित्राची झेरॉक्स जोडून अर्ज केले होते, काहींनी माहितीच्या अधिकारात, आणि आठवडाभर ते कार्यालय मूळ फाइल शोधत होतं. फाइल नाही असं लिहून द्यावं, तर हरवली कोणी हा प्रश्न आला असता. थोरला कारकून मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओव्हाळसाहेब, खरं सांगा. आधीच्या साहेबांच्या काळातली आहे का?"

"अहो, फाइल नाहीच. ते अग्रलेखाचं चित्र आहे."

"असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला. सगळे म्हणजे कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी मला समीक्षा मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे तिथली कनिष्ठ अभियंता, वयाने आमच्या मुलीपेक्षा लहान. तिच्या टेबलावर माझं चित्र होतं आणि त्यावर तिने पेन्सिलीने गणितं केली होती.

"सर, हे चित्र आहे म्हणता?"

"हो."

"मग यात उतार बरोबर कसा आलाय? मी टाकीची उंची आमच्या कागदाशी ताडून पाहिली. शेवटच्या नळाला दाबसुद्धा पुरतो. व्यंगचित्रात उतार कोण धरतं?"

"मी धरतो," मी म्हणालो.

तिने उठून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुमच्या आळीच्या पाण्यासाठी तरतूद आहे. गेल्या वर्षीही होती. पण सर्वेक्षण करून नकाशा काढायला माणूस मिळेना, नकाशा नाही म्हणून काम नाही, आणि मार्चअखेर उलटला की तरतूद परत जाते. यंदाही जाणार होती. "तुम्ही तुमच्या मूळ कागदावर सही करून दिलीत तर फाइल उभी राहते. आम्हाला शोधाशोध करायला नको आणि काम पण होईल."

म्हणजे विकास नेमका कुठे अडला होता? तर विकास कुठे अडला याचं चित्र कोणी काढलं नव्हतं म्हणून अडला होता. मी तिला पाणी मागितलं. तिने बाटली पुढे केली, कारण नळाला त्या दिवशी तिथेही पाणी नव्हतं.

माझी अडचण वेगळीच होती. जागेवर जाऊन तपासल्याशिवाय मी आयुष्यात एका कागदावर सही केलेली नाही. माझी मापं हौसेची होती. त्यावर खरा पाइप पडला आणि मोरीपाशी हात-दीड हात चुकला तर भीमाबाईंच्या ओट्यावर कायमचा कोरडा नळ राहील, आणि तो नळ रोज जातायेता मला दिसेल. म्हणून मी शुक्रवारपासून तीन दिवस टेप घेऊन सगळी रेघ पुन्हा मोजली. टेपचं दुसरं टोक पदूभाऊने धरलं. दर पन्नास फुटांवर तो टोक हळूच आपल्या कलमांकडे ओढायचा आणि मी "पदूभाऊ" म्हणून ओरडलो की "वाऱ्यानं गेली" म्हणायचा. मोरीपाशी खरोखरच चूक निघाली. रेघ चार हात वरून घ्यावी लागली आणि त्यात कलमं सुटली. पदूभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग सुधारित नकाशा काढायला बसलो. आता हे चित्र नव्हतं, खरं काम होतं, म्हणून आतली सगळी कला काढून टाकायची ठरवली. टाकीभोवती थोडे ढग काढले होते, ते काढले. नळाच्या तोंडाशी एक मोठं प्रश्नचिन्ह होतं, ते गेलं. राहिली व्हॉल्व्हजवळची ती टीप. तीही खोडायला हवी होती, मला कळत होतं. पण रबर हातात घेऊन मी अर्धा तास बसलो. माझ्या आयुष्यातला तो एकमेव छापून आलेला विनोद होता, आणि त्याला अजून कोणी हसलं नव्हतं. बारीक अक्षरांत आहे, कोणाला त्रास आहे त्याचा, असं मनाशी म्हणून मी तो तसाच ठेवला आणि कागद देऊन आलो.

मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात आमच्या आळीत जेसीबी आला. इतका झपाटा मी कंपनीतही पाहिला नव्हता. पाइप पडला, चर बुजला, भीमाबाईंच्या ओट्यावर अठरा इंचांवर पितळी नळ बसला. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी उद्घाटन. पहिल्या पानावरचे ते युवा नेतृत्व तिन्ही पुतण्यांसह आले, नारळ फुटला, हर्षदने फोटो काढले. टाळ्या झाल्या आणि नेतृत्वाने नळ फिरवला.

नळातून 'फुस्स' असा आवाज आला. मग तोही थांबला.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नेतृत्वाकडे नाही, कंत्राटदाराकडे नाही, माझ्याकडे. पदूभाऊला कंठ फुटला. "श्रीपत, तुजा पाईप उपाशी हाय!"

समीक्षा मॅडमने पाणी सोडणाऱ्या धाऊला हाक मारली. धाऊ गर्दीतून पुढे आला, त्याने खिशातून माझ्या नकाशाची घडी काढली, ती सोडवली आणि व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. "ह्ये बगा. सर्वसाधारणपणे बंद. म्या बंद ठेवलाय. नकाशाबाहेर हात लावायचा नाय, असं मोठ्या सायबांनी बजावलंय."

"अरे, तो विनोद आहे!" मी ओरडलो.

"आसंल," धाऊ म्हणाला. "पण सही हाय ना खाली?"

समीक्षाचा चेहरा उतरला. ती माझ्या कानाशी म्हणाली की बदल करायचा तर नवा सुधारित नकाशा, त्याला नवी मंजुरी, आणि आता नवं वर्ष सुरू झालंय, दिवाळीपर्यंत काही खरं नाही. मी भीमाबाईंकडे पाहिलं. त्या कळशी नळाखाली धरून उभ्या होत्या. कळशी काही बाजूला घेत नव्हत्या. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काय सांगू. एका ओळीच्या मोहापायी मी त्या बाईला दिवाळीपर्यंत हापशावर पाठवणार होतो.

मी धाऊच्या हातातून कागद घेतला. पेन नेतृत्वाच्या खिशातलं घेतलं, तेवढंच जवळ होतं. ओट्यावर कागद ठेवून 'बंद' हा शब्द खोडला, वर 'उघडा' लिहिलं, शेजारी पूर्ण नाव आणि तारीख घातली. मग कागद समीक्षापुढे धरला. तिनेही सही केली. हर्षदने कोणी न सांगता खिशातून शिक्का काढून मारला. धाऊने कागद उलटसुलट पाहिला, शिक्क्यावर फुंकर घातली, आणि "आता कसं, रीतसर झालं" म्हणून टेकाडाकडे निघाला.

पाणी यायला दहा मिनिटं लागली. आधी लाल आलं, मग गवताच्या काड्या आल्या, मग नेतृत्वाच्या पांढऱ्या बुटांवर चिखल आला आणि मग स्वच्छ धार सुरू झाली. आळी ओरडायला लागली. शुक्रवारी हर्षदने आठ कॉलमी मथळा दिला: 'घाटपायथाचा दणका! प्रशासन हलले!' खाली नेतृत्वाचा फोटो. माझ्या नावाचा उल्लेख कुठेही नव्हता.

त्याच दिवशी दुपारी भीमाबाईंनी मला हाक मारली. ओट्यावर बसवलं, तांब्या भरून पुढे ठेवला. आता तरी सांगायलाच हवं असं मला वाटलं.

"मावशी, एक खरं सांगू? ते पेपरातलं... ते खरं नव्हतं. ते नुसतं चित्र होतं, अग्रलेखाचं."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"लेख वाचला ना मी. आतल्या पानावं व्हता. हर्षदनं चांगला लिवलाय, जरा लांबवलाय."

मी तांब्या खाली ठेवला. तालुक्यात तो अग्रलेख कोणी वाचला असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. "तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग ओटा कशाला बांधलास?"

"तू चित्र हाय, चित्र हाय म्हनत सगळ्यांना सांगत फिरत व्हतास. सायबांनाबी तेच सांगून मोकळा झाला असतास." त्यांनी पदराने नळाचं तोंड पुसलं. "म्हटलं, याच्यासमोर इटा मांडाव्या. मंग बसंल टेप घेऊन."

मला राग यावा की काय यावं, ते ठरवता येईना. मी त्या तीन दिवसांचं ऊन आठवत बसलो. मग मला एकदम दुसरंच काही सुचलं.

"म्हणजे तू ते चित्र म्हणून पाहिलंस?"

"मंग काय म्हनून बघनार?"

"आणि? कसं वाटलं?"

"लय हसले," भीमाबाई म्हणाल्या. "एवढा लांबून पाईप येतोय, डोंगर उतरतोय, मोरी वलांडतोय, अगदी माझ्या दारात येतोय, आन् वर बारीक अक्षरात लिवलंय, बंद. एकटीच हसत बसले व्हते. अगदी आपलंच लिवलंय म्हटलं."

"कुठे हसलीस? नक्की कुठे?"

"बंदवर."

मी त्यांना ते आणखी एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.